दिसणे आणि पाहणे

आपल्या मराठी भाषेत एक सोय आहे, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. "मला झाड दिसते" असे आपण म्हणतो आणि "मी झाड पाहते" असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात झाड आपण होऊन माझ्यापुढे येते. मला काही करावे लागत नाही. दुसऱ्या वाक्यात करणारी मी असते. बोलताना आपण हा भेद बिनचूक पाळतो, पण तो किती खोल आहे याचा विचार करीत नाही. दिसणे कोठे संपते, पाहणे कोठे सुरू होते, आणि त्यात माणसाची जबाबदारी किती, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो मला कोणत्या ग्रंथात सापडला नाही. आमच्या इंदूरच्या शब्बाथशाळेत, एका रविवारी सकाळी, माझ्याच चुकीमुळे तो माझ्यापुढे उभा राहिला.

माझ्याजवळ एक जुना फ्लॅनेलचा फळा आहे. फ्लॅनेल ताणून बसवलेल्या फळीवर कागदी चित्रे चिकटवून गोष्ट सांगण्याची पद्धत आता मागे पडली असली, तरी लहान मुलांना ती अजून आवडते. त्या दिवशीचा धडा चांगल्या शोमरोन्याचा होता. मी फळ्यावर रस्ता लावला, जखमी वाटसरू लावला, पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेला शोमरोनी लावला आणि त्याच्यामागे, अर्धे झग्याआड झाकलेले, गाढव लावले. वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा नव्याने येऊ लागला होता. जाड भिंगांचा चष्मा आणि अबोल स्वभाव. त्याला बोलते करावे म्हणून मी विचारले, "सांग पाहू, गाढव कुठे आहे?" तो फळ्याजवळ आला, बराच वेळ पाहत उभा राहिला आणि त्याने बोट ठेवले ते झग्याच्या एका पट्ट्यावर. मुले हसली. मी म्हणाले, "एवढा मोठा चष्मा लावूनही दिसत नाही? लक्ष कुठे आहे तुझं?" तो खाली मान घालून जागेवर जाऊन बसला.

पुढे जखमी माणसाला गाढवावर बसवून उतारशाळेकडे नेण्याचा भाग आला. मी गाढवाचे चित्र उचलले आणि रस्त्यावरून हळूहळू सरकवू लागले. चित्र हलले मात्र, तो मुलगा मागच्या रांगेतून ओरडला, "ते! ते गाढव!" मला वाटले, म्हणजे याला सगळे दिसत होते, मघाशी मुद्दाम चेष्टा केली. मी त्याला पुन्हा एकदा रागावले.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने चहा पुढे केला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता त्याच्या. आम्हाला कुठं ठाऊक, लहान पोरालाही मोतीबिंदू होतो म्हणून? नवव्या वर्षी ऑपरेशन झालं. आता सगळं दिसतं त्याला. पण काय दिसतं ते कळत नाही. माणूस चालायला लागला की ओळखतो, उभा राहिला की चुकतो."

मी घरी परतले ती दोन प्रश्न घेऊन. एक असा, की दिसते पण कळत नाही, आणि वस्तू हलली की कळते, हे घडते तरी कसे? दुसरा अधिक बोचणारा होता. त्या सकाळी न पाहणारे खरोखर कोण होते? त्या मुलाला दोष नसेल, तर मला आहे काय? आणि तोही अशा दिवशी, जेव्हा मी मुलांना एका माणसाला पाहून पुढे निघून जाणाऱ्या दोघांची गोष्ट सांगत होते!

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना बरेच वाचावे लागले. त्यातले जे मला समजले ते येथे मांडते, कारण त्यावाचून दुसऱ्या प्रश्नाला हात घालता येत नाही.

डोळा कॅमेऱ्यासारखा आहे, असे आपण सर्व शाळेत शिकलो. भिंगातून प्रकाश आत जातो, मागच्या दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते, आणि पाहण्याचे काम झाले. वास्तविक तेथे काम संपत नाही, सुरू होते. दृष्टिपटलापासून पुढे प्रतिमा जातच नाही. प्रत्येक डोळ्यामागच्या मज्जातंतूत सुमारे दहा लाख बारीक धागे असतात, आणि त्यांतून मेंदूकडे जातात ते केवळ विजेचे क्षीण ठोके. एक ठोका सेकंदाचा सुमारे हजारावा भाग टिकतो. केंब्रिजचे एडगर एड्रियन यांनी १९२० नंतरच्या दशकात हे ठोके टिपले आणि दाखवून दिले, की एका धाग्यातील सर्व ठोके सारख्याच आकाराचे असतात. प्रकाश प्रखर असो की मंद, ठोका तोच. फरक पडतो तो ठोके किती भरभर येतात यात. या कामासाठी १९३२ साली चार्ल्स शेरिंग्टन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा अर्थ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. लाल रंगाचा ठोका लाल नसतो आणि गाढवाचा ठोका गाढवासारखा नसतो. मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत, आणि त्या बहुतांशी एकमेकींशी अशा एकसारख्या ठोक्यांनीच बोलतात. कोणत्या पेशीने ठोका दिला, किती दिले आणि केव्हा दिले, एवढ्यावर सारे अवलंबून आहे.

पुढे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९५९ पासून दाखवले, की मेंदूच्या मागच्या भागातील एकेक पेशी चित्राचा एखादाच बारीक अंश पाहते. एक पेशी उभ्या रेघेला उत्तर देते, दुसरी तिरप्या रेघेला. रंगाचे काम मुख्यतः एकीकडे होते, हालचालीचे दुसरीकडे. १९८३ साली म्युनिकच्या डॉक्टरांनी एका स्त्रीची हकीगत प्रसिद्ध केली. मेंदूच्या विकाराने तिची हालचाल पाहण्याची शक्ती तेवढी गेली होती. रंग व आकार दिसत होते. कपात चहा ओतणे तिला जमेना, कारण चहाची धार तिला गोठल्यासारखी दिसे आणि कप भरत आला हे कळतच नसे.

आता आमच्या फळ्याकडे पुन्हा पाहा. हजारो पेशी एकाच वेळी कळवत आहेत की येथे एक तिरपी रेघ आहे, येथे एक करडा ठिपका आहे, येथे एक वळण आहे. यातले गाढवाचे कोणते आणि झग्याचे कोणते, हे कोणी ठरवायचे? आपल्याला हा प्रश्न कधी पडत नाही, कारण आपल्यासाठी तो सुटून आलेला असतो. त्या मुलासाठी तो सुटलेला नव्हता. त्याला सगळे तुकडे दिसत होते. मोळी बांधलेली नव्हती.

मोळी बांधण्याची दोरी कोणती, याविषयी एक कल्पना १९८१ साली ख्रिस्तोफ फॉन डर माल्सबुर्ग यांनी मांडली. ती दोरी म्हणजे वेळ. ज्या पेशी एकाच वस्तूचे अंश पाहत आहेत, त्या आपले ठोके एकाच क्षणी देतात; ज्या वेगळ्या वस्तूंचे अंश पाहत आहेत, त्यांचे ठोके जुळत नाहीत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना याचा प्रयोग वर्गात करता येईल. वीस मुलांना मनाला येईल तशा टाळ्या वाजवू द्या आणि एका मुलाला दाराबाहेर उभे करा. त्याला केवळ गलका ऐकू येईल. मग त्यांतल्या दहा जणांना एका तालात टाळ्या वाजवायला सांगा. बाकीचे दहा पूर्वीसारखेच वाजवोत. टाळ्यांची संख्या तीच राहिली, तरी बाहेरचा मुलगा लगेच सांगेल की आत काहीजण मिळून वाजवीत आहेत. गलक्यातून एक गट उचलून दाखवण्याचे काम तालाने केले.

मेंदूत ताल असतो हे तोपर्यंत माहीत झाले होते. जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून विजेच्या लहरी टिपल्या व १९२९ साली ते प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदाला सुमारे दहा वेळा वरखाली होणारी लहर त्यांना आढळली. डोळे उघडताच ती मंदावे. आज रुग्णालयात ई.ई.जी. म्हणून जी तपासणी होते तिचा उगम येथे आहे. त्यानंतर १९८९ साली फ्रांकफुर्ट येथे चार्ल्स ग्रे, वोल्फ सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर प्रयोग केले. दृष्टीच्या वेगवेगळ्या जागा पाहणाऱ्या दोन पेशी त्यांनी निवडल्या. एकच लांब पट्टी दोन्ही जागांवरून सरकली, तेव्हा दोन्ही पेशींचे ठोके एका तालात पडू लागले. हा ताल सेकंदाला सुमारे चाळीस ते साठ आवर्तनांचा होता. मग एका पट्टीऐवजी दोन आखूड पट्ट्या विरुद्ध दिशांना सरकवल्या. दोन्ही पेशी ठोके देतच होत्या, पण त्यांचा मेळ नाहीसा झाला. या वेगवान तालाला गॅमा लहरी म्हणतात.

पुढे २००५ साली पास्काल फ्रीस यांनी या कल्पनेत आणखी भर घातली. ती समजण्यास आमच्या इंदूरचा रस्ता उपयोगी पडेल. रीगलपासून पलासियाकडे जाताना एखाद्या दिवशी सगळे सिग्नल हिरवे मिळतात, आणि एखाद्या दिवशी तोच रस्ता, तीच गाडी, पण प्रत्येक चौकात थांबावे लागते. फ्रीस म्हणतात, मेंदूचा प्रत्येक भाग आपल्या तालानुसार क्षणभर उघडा आणि क्षणभर बंद असतो. उघडा असताना पोचलेला ठोका आत जातो. बंद असताना आलेला बाहेर राहतो. दोन भागांचे ताल जुळले, तर निरोप पोचतो.

मात्र ही कल्पना अद्याप सर्वमान्य नाही. मायकेल शॅडलेन व अँथनी मूव्हशन यांनी १९९९ सालीच तिच्यावर कठोर आक्षेप घेतले. २०१० साली जॉन मॉन्सेल व सुप्रतिम राय यांनी दाखवले, की चित्रात जेथे उजेड-अंधाराचा फरक कमी-जास्त होतो तेथे गॅमा लहरीचा वेगही बदलतो. मग एकाच वस्तूच्या भागांवर तिचे ठोके सारखे राहणार कसे? सुप्रतिम राय आज बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच विषयावर काम करतात. ताल हा दोरीच आहे की दोरी वळताना उठणारा आवाज, हा वाद मिटलेला नाही. परंतु पाहणे ही वेळेत घडणारी क्रिया आहे, आणि अगणित तुकडे जुळवूनच ती घडते, याविषयी फारसा वाद नाही.

आता त्या मुलाकडे येऊ. त्याच्यासारख्या मुलांचा अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. दिल्लीत वाढलेले व अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे प्राध्यापक असलेले पवन सिन्हा यांनी 'प्रकाश' नावाचा प्रकल्प सुरू केला. जन्मापासून अंध, पण उपचाराने बरी होऊ शकतील अशी मुले उत्तर भारतातील खेड्यांतून शोधायची, दिल्लीच्या डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची, आणि मग ती पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा, असे हे दुहेरी काम आहे. २००९ साली सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी उशिरा दृष्टी मिळालेल्या तिघांची हकीगत प्रसिद्ध केली. स्थिर चित्र दाखवले की त्यांना प्रत्येक रंगाचा व छटेचा तुकडा वेगळी वस्तू वाटे. एकमेकांवर आलेल्या दोन आकृत्या तीन वाटत. पण तीच आकृती हलवली की ती एक वस्तू म्हणून ते ओळखत. जे एकत्र हलते ते एकाचे, हा धडा त्यांना प्रथम कळला. काही महिन्यांनी स्थिर चित्रेही ओळखू येऊ लागली.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ते कागदी गाढव पुन्हा एकदा रस्त्यावरून सरकले. आमच्या मुलाने चेष्टा केली नव्हती. गाढवाचे कान, पाठ आणि शेपूट एकदम हलली, आणि त्याच क्षणी ती त्याच्यासाठी एक झाली.

याच गटाने २०११ साली आणखी एक फार जुना प्रश्न सोडवला. डब्लिनचे विल्यम मॉलिनो, ज्यांची पत्नी अंध होती, त्यांनी १६८८ साली तत्त्ववेत्ता जॉन लॉक याला विचारले होते, की जन्मांध माणसाने चेंडू व चौकोनी ठोकळा हाताने ओळखायला शिकला असेल आणि त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता तो कोणता कोणता हे सांगू शकेल काय? आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच मुलांना नव्याने दृष्टी आल्यावर लगेच हे विचारून पाहण्यात आले. त्यांना सांगता आले नाही. पण थोड्याच दिवसांनी पुन्हा विचारले तेव्हा बरेचसे सांगता येऊ लागले.

येथे पवित्र शास्त्र जाणणाऱ्या वाचकाला बेथसैदाचा अंध मनुष्य आठवल्यावाचून राहणार नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात त्याची हकीगत आहे. प्रभूने स्पर्श केल्यावर त्याला प्रथम माणसे झाडांसारखी, पण चालणारी, अशी दिसली. दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर सर्व स्पष्ट झाले. विज्ञानाने चमत्कार सिद्ध केला असे कोणी यावरून म्हणू नये. तसे म्हणणे विज्ञानावर अन्याय आणि विश्वासावरही. मला एवढेच सांगायचे आहे, की डोळे उघडणे आणि पाहणे या दोन गोष्टी आहेत हे ती हकीगत सांगणाऱ्याला ठाऊक होते. पहिल्या स्पर्शानंतर तो मनुष्य आंधळा राहिला नव्हता, तरी काम पुरे झाले नव्हते. आणि अर्धवट पाहतोस म्हणून त्याला कोणी रागावले नाही.

आता दुसरा प्रश्न. पाहणे हे जर ठोक्यांच्या वेळेवर चालते, तर पाहणारा "मी" कोठे राहिला? आणि जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाची दोन झटपट उत्तरे मी ऐकली आहेत. आमच्या मंडळीतील कॉलेजात जाणारा एक तरुण म्हणाला, "बाई, मग सगळी नुसती वीजच आहे की!" एक वयस्कर बंधू म्हणाले, "पाहतो तो आत्मा. मेंदूचे काय घेऊन बसलात?" मला दोघांचेही पटले नाही. उपासनेतल्या पेटीचा विचार करा. भात्यातून हवा जाते, पितळी पट्ट्या थरथरतात आणि सूर निघतो. गीतात या थरथरीवाचून कानावर पडणारे दुसरे काही नसते. म्हणून गीत म्हणजे नुसती हवा, असे म्हणणाऱ्याने गीत ऐकलेच नाही. आणि गीत वरून येते, भात्याचे काय, असे म्हणणाऱ्याने फाटक्या भात्याच्या पेटीवर उपासना चालवून पाहावी. आमच्या त्या मुलाचा भाता नऊ वर्षे बंद होता. त्याच्या आत्म्यात काही उणे नव्हते.

जबाबदारीचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. तो सोडवायला दोन प्रयोगांची मला मदत झाली. १९९६ साली फ्रान्समध्ये सायमन थॉर्प यांनी लोकांना क्षणभर एकेक छायाचित्र दाखवून त्यात प्राणी आहे की नाही हे विचारले. प्राणी असलेले व नसलेले चित्र मेंदू सुमारे दीडशे सहस्रांश सेकंदात वेगळे करतो, असे आढळले. एवढ्या अवधीत वाटेवरच्या प्रत्येक पेशीला जेमतेम एखादा ठोका देण्याइतका वेळ मिळतो. ही पहिली नजर. तिच्यात विचाराला जागा नाही, म्हणून तिच्याबद्दल त्या क्षणी कोणाला जाब विचारता येणार नाही.

दुसरा प्रयोग फ्रीस, रॉबर्ट डेसिमोन व सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. माकडांपुढे एकाच वेळी दोन आकृत्या ठेवल्या आणि कधी एकीकडे तर कधी दुसरीकडे लक्ष देण्यास शिकवले. डोळ्यांत शिरणारा प्रकाश तोच होता. पण जिच्याकडे लक्ष, तिचे काम करणाऱ्या पेशींचा गॅमा ताल अधिक जुळून आला. म्हणजे लक्ष देणे हे पाहून झाल्यावर वरून लावायचे ठिगळ नाही. लक्ष दिल्याने पाहणेच बदलते.

याजक, लेवी आणि शोमरोनी या तिघांच्या डोळ्यांत त्या रस्त्यावरचा सारखाच उजेड शिरला. तिघांनाही तो मनुष्य दिसला, असे दृष्टांतातच आहे. पहिल्या दोघांनी आपले पाय दुसऱ्या बाजूला वळवले. शोमरोनी जवळ गेला. मराठीत सांगायचे तर तो तिघांना दिसला, आणि पाहिला एकाने.

यावर कोणी म्हणेल, लक्षही मेंदूचाच ताल आहे. मग याजक म्हणेल, माझा ताल जुळला नाही, मी काय करू? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. माझे उत्तर असे आहे. त्या सकाळच्या प्रसंगात तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मुलाला स्थिर चित्रातले गाढव ओळखता आले नाही, ही असमर्थता होती. तिच्यात दोष नाही. मला तो प्रथम चेष्टेखोर वाटला, ही पहिली नजर होती. ती आपण होऊन आली. पण तिच्यानंतर मला पूर्ण एक तास होता. तो बोट ठेवण्याआधी किती वेळ पाहत राहिला होता, गाढव हलताच त्याच्या आवाजात केवढा आनंद होता, हे सर्व माझ्यापुढे घडले. मी पुन्हा वळून पाहिले नाही. हा दोष माझा, आणि तो कोणत्याही ताळेबंदात पेशींच्या नावे टाकता येणार नाही.

शिवाय पहिली नजरही कायमची ठरलेली नसते. उशिरा दृष्टी मिळालेली मुले रोज पाहून पाहून काही महिन्यांत स्थिर चित्रे ओळखू लागली. मेंदूने सरावाने नवी जुळणी शिकून घेतली. आपलेही तसेच आहे. जो मनुष्य पुनःपुन्हा थांबून पाहतो, त्याची पहिली नजरही हळूहळू मऊ होते. जो नेहमी दुसऱ्या बाजूने जातो, त्याला पुढे पुढे वाटेवर पडलेला मनुष्य दिसेनासाच होतो. म्हणून क्षणाच्या नजरेचा जाब नसला, तरी वर्षांच्या सवयीचा जाब आहे.

ही कसोटी स्वतःला लावायची आहे. दुसऱ्याला लावताना हात आवरता घ्यावा. बंगळूरच्या राय यांच्या गटाने २०२१ साली दाखवले, की स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील वृद्धांमध्ये, चित्र पाहताना उठणारा गॅमा ताल त्याच वयाच्या निरोगी वृद्धांपेक्षा क्षीण असतो. प्रत्येक मंडळीत एखादे आजोबा किंवा आजी असतात, ज्यांच्याविषयी तक्रार होते की समोरून गेलो तरी ओळख देत नाहीत, मोठेपणा आला आहे. मोठेपणा आला आहे की ओळख जुळायला वेळ लागतो आहे, हे आपण थांबून पाहिले आहे काय? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

शब्बाथशाळेच्या शिक्षक बंधुभगिनींना अनुभवाने दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चित्र दाखवताना ते थोडे हलवा. तुकडे एकमेकांवर न झाकता सुटे लावा. "दिसत नाही का?" हा प्रश्न सर्वांसमोर विचारू नका, "तुला काय काय दिसते?" असे विचारा, म्हणजे मूल कोठे अडले आहे ते तेच सांगेल. चष्मा लावूनही जे मूल चित्र ओळखत नाही, त्याच्या आईवडिलांशी आधी बोला. तान्ह्या बाळाच्या बुबुळात पांढरेपणा दिसला किंवा ते प्रकाशाकडे वळत नसेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे नेण्यात एक आठवडाही दवडू नये असे मंडळीतील तरुण आयांना सांगा. जन्मजात मोतीबिंदूत पहिले महिने फार मोलाचे असतात. मेंदूची जुळणी त्या काळात वेगाने होत असते.

मी त्या मुलाची क्षमा मागितली. दहा वर्षांच्या मुलाची शिक्षिकेने क्षमा मागावी हे त्याच्या आईला फार अवघड वाटले, ती म्हणत राहिली, "राहू द्या हो बाई." तो मात्र काही बोलला नाही. पुढच्या रविवारी तो आला आणि पहिल्या रांगेत बसला.

परवा संध्याकाळी मी राजवाड्याजवळ रस्ता ओलांडून येत होते. आता तो बराच मोठा झाला आहे. गर्दीतून हाक आली, "बाई!" मी इकडे तिकडे पाहू लागले, मला कोणी दिसेना. तोच जवळ आला. मी विचारले, "एवढ्या लांबून कसं ओळखलंस मला?"

"तुम्ही चालत होतात ना," तो म्हणाला.